अंगणातलं पेव

घर जवळजवळ फुकटच्या भावात मिळत होतं, आणि केशरबाईला पहिलं भेव तिथंच वाटलं.

आता स्वस्त मिळालं म्हणून कोणी भितं का? माणूस पेढे वाटतो. पण अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, ओल चढलेल्या एका खोलीत जिनं उभं तारुण्य काढलं, तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बाजारात जे स्वस्त असतं ते एक तर किडकं असतं, नाही तर चोरीचं. मग ती वांगी असोत का घर असो. पावसाळ्यात मोर्णा उंबऱ्यापर्यंत यायची, दाण्याचे डबे फळीवर चढवावे लागायचे, आणि ते डबेही वाण्याकडून भरलेले. नवरा देवमन सरकी काढायच्या जिनात कामाला. कापसाचा हंगाम सरला की काम सरलं, मग बसा हातावर हात ठेवून. "आपल्या वावरातली जवारी, आपल्या चुलीवरची भाकर," हे देवमनचं एकच म्हणणं. झोपेतसुद्धा हेच बडबडायचा तो.

दोन उन्हाळे तो आणि त्याचा धाकटा भाऊ मोतीराम गावं धुंडत फिरले. कुठं जमीन खारी निघाली, पाणी तोंडात धरवेना. कुठं सगळं जमलं, आता फक्त हो म्हणायचं राहिलं, आणि मालकानं विचारलं, "कोन होये तुमी?" देवमन छाती काढून सांगायचा, "बौद्ध." की मालकाला एकाएकी आठवायचं, अरेच्चा, वावर तर पुतण्याच्या नावावर आहे! दीक्षा घेऊन दोन वर्षं होत आली होती, पण गावोगावच्या पुतण्यांची संख्या काही कमी होत नव्हती.

घर विकायला काढलेल्या दुर्गाबाईनं मात्र काही विचारलं नाही. हेही केशरबाईला खटकलं.

बार्शीटाकळीच्या पल्याड, बंडीवाटेवर, एक लहानसं गाव. नाव नाही सांगत. तिथं आजही माणसं नांदतात, त्यांना उगाच बोल कशाला? गावाच्या कडेला दुर्गाबाईचं घर. कुणब्याचं, धाब्याचं, भिंती अशा जाड की वैशाखातही आत गारवा. पुढं मोठं अंगण, मागं परसवाडी, वाडीत गोड्या पाण्याचा आड, आणि वाडीला लागून दोन एकर काळी. केशरबाईनं वावरातलं ढेकूळ हातात घेऊन चुरडलं, तर माती बोटांना चिकटून राहिली. तिथं वांगी लावीन, इथं वालाचा मांडव, त्या कोपऱ्यात कोहळं चढवीन धाब्यावर, असं मनातल्या मनात पेरून मोकळी झाली ती. आणि हे सगळं एका बऱ्या बैलजोडीच्या भावात! म्हणजे यात नक्की काही तरी किडकं असणार.

ते किडकं अंगणाच्या मधोमध होतं. एक चपटा काळा गोटा, कडेनं शेणमातीनं लिंपलेला, वर शेंदराचा डाग, बाजूला नारळाच्या करवंट्या आणि वाळलेली फुलं.

आताच्या पोरांना पेव माहीत नसेल. जमिनीच्या पोटात खणलेला रांजणच म्हणा. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पण पोट चांगलं खोल आणि ऐसपैस. त्यात जवारी भरायची, तोंडावर गोटा ठेवायचा, वरून लिंपून टाकायचं. ना उंदीर, ना चोर. दुष्काळ पडला की पेव उघडायचं आणि घर जगवायचं.

"हे पेव उघडाचं नाही," दुर्गाबाई म्हणाली. म्हातारी वाळून काटकी झाली होती, पण बोलणं ठणठणीत. "बाकी घर तुमचं, वावर तुमचं. माहे दोघं याच्यात गेले. नवरा आन् दीर, एकाच दिवशी. तवापासून गाव म्हनते, पेव मानूस मागते. म्हनून घेत नाही कोनी हे घर. आदीच सांगून ठेवते, मागून म्हनसान बुढीनं फसवलं."

देवमन हसला. खवचट नाही, मायेनं हसला. "बाई, भुतंखेतं आन् देवदेव्हारे, सारे आमी मोर्नेत सोडून देल्ले. आता मानसाचं भेव तेवढं बाकी हाये."

मोतीरामही हसला. केशरबाईनं हसल्यासारखं केलं.

खरेदी झाली. दुर्गाबाई अंजनगावला लेकीकडं निघाली. बंडीत बोचकं चढलं, म्हातारी चढली, आणि बैल हलणार तेवढ्यात तिनं केशरबाईला खुणेनं जवळ बोलावलं. केशरबाईचं मनगट धरलं, असं घट्ट की बांगडी रुतली.

"गावाले मालूम नाही ते तुले सांगते, पोरी," ती कानाशी बोलली. "पहिला पेवानं नेला. दुसरा म्या धाडला."

"म्हंजे?"

"नवरा खाली उतरला आन् गप झाला. म्या बोंब ठोकली, भाऊजी, उतरा, भाऊजी, पाहून काय राहिले, उतरा! तो म्हने, थांब वयनी, दम धर. म्या दम नाही धरला. म्या त्याच्या मर्दपनावर बोलली. मंग तो उतरला." म्हातारीनं मनगट सोडलं. "नवऱ्यासाठी गाव रडलं. दिराचं मले एकटीले रडा लागलं, आन् तेही तोंड दाबून."

बंडी गेली. केशरबाई वाटेवर उभीच. हे ऐकून काय करायचं असतं ते तिला कळेना.

घर मात्र गुणाचं निघालं बाप्पा! पहिल्याच पावसाळ्यात वावरात जवारी अशी उभी राहिली की मोतीराम आत शिरला तर दिसेना. परसवाडीत वांगी, भेंडी, चवळी. अंबाडीची भाजी तर खाऊन खाऊन कंटाळा. जिनातून घरी आल्यावर खोकत झोपणारा देवमन इथं पहाटे उठून वावरात जायचा आणि उन्हं चढल्यावर गाणं म्हणत परत यायचा. ओसरीत बाबासाहेबांचा फोटो लावला. शेजारचा नत्थुजी, म्हातारा कुणबी, आधी कुंपणापल्याडून नुसता खाकरायचा, तो हळूहळू बोलायला लागला. त्याची बायको मनकर्णा तर रोजच भिंतीवरून डोकवायची. घरात मात्र येत नव्हती. भिंत होती तेवढी पुरे होती तिला.

आणि अंगणात तो गोटा.

केशरबाई त्याला वळसा घालून चालायची. पापड वाळत घालायला त्याच्याइतकी सपाट जागा साऱ्या अंगणात नव्हती, पण तिनं तिथं कधी एक घातला नाही. सारवताना त्याच्या कडेशी हात आला की हात आपोआप मागं यायचा. भेव वाटायचं, आणि भेवापेक्षाही लाज जास्त वाटायची. नागपूरला लाखो माणसांत उभं राहून तिनंही हात जोडून प्रतिज्ञा घेतली होती. सासूच्या हातचे पितळी देव तिनंच फडक्यात बांधून पुलावरून सोडले होते, आणि सोडताना डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. आणि आता एका गोट्याला भ्यायचं? कोणाला सांगायची सोय नाही. देवमनला तर मुळीच नाही.

म्हणून दुर्गाबाईचं बोलणंही तिनं पोटातच ठेवलं. तोंडातून काढलं असतं, तर भुताची बाजू घेतल्यासारखं झालं असतं.

पोळ्याच्या सुमारास मोतीराम तापानं फणफणला. अंगाची लाही, डोळे लाल, बरळायला लागला. मनकर्णा भिंतीवरून म्हणाली, "पेवाले काही टाकत जा व! उपाशी ठेवली चीज, मानसावर नाही जाईन तं कोनावर जाईन?"

"आमी नाही मानत ते," केशरबाई म्हणाली.

"नको मानू. टाकाले काय जाते?"

खरंच, टाकायला काय जात होतं? संध्याकाळी देवमन वावरात असताना तिनं भाकरीचा तुकडा गोट्यावर ठेवला. ठेवला आणि पळत घरात आली, चोरी केल्यासारखी. मोतीरामचा ताप उतरला. तो उतरणारच होता, काढा पोटात गेला होता त्याच्या. पण आता तुकडा बंद करायची हिंमत होईना. रोज एक. सकाळी तुकडा नसायचा. कुत्रं नेत असेल, कावळा नेत असेल. केशरबाई मनाला तेच सांगायची आणि मन ऐकायचं नाही.

जवारी निघाली. खळ्यावर रास पडली तेव्हा देवमननं दोन्ही हात मनगटापर्यंत राशीत खुपसले आणि तसाच बसून राहिला. पोती घरात आणली. ओसरी भरली, आतली खोली भरली, झोपायला जागा उरेना. उंदरांनी दुसऱ्याच दिवशी पोत्यांना भोकं पाडली.

आणि त्याच दिवशी देवमनला अंगणात मुंग्यांची रांग दिसली. रांगेमागं तो गोट्यापर्यंत गेला. गोट्यावर भाकरीचा तुकडा.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. तिथंच उकिडवा बसला आणि केशरबाईला हाक मारली.

"हे तू ठेवलं?"

तिनं वाकून तुकडा उचलायला हात पुढं केला.

"रोज ठेवतं?"

तिनं मान हलवली.

"मंग आपन नागपूरले कावून गेलो होतो व, केशर?" देवमनचा आवाज फाटला. "वाट तुडवत, उपाशीतापाशी? हे करासाठी?"

केशरबाईला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. पण भुईचं पोट म्हणजे काय ते समोरच होतं, आणि तेवढ्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

"दोन मानसं मेली याच्यात," ती कशीबशी म्हणाली.

"विहिरीत मानसं मरत नाही का? म्हनून पानी पेनं सोडलं कोनी?" तो उठला. "तुह्या भेवाचं हेच घर हाये न? मंग हेच उघडतो मी. आपली जवारी भरतो याच्यात. मंग पाहू तुह्या भुताले दाना चारा लागते का आपल्याले."

आता पहा, माणूस वाईट होता का? मुळीच नाही. बायकोच्या मनातला काटा काढायला निघाला होता बिचारा. पण काटा काढायची घाई झाली की सुई आत मोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा भावांनी पहार लावली. लिंपण फुटलं, गोटा कुरकुरत सरकला. आतून असा वास आला की मोतीराम नाक दाबून मागं झाला. आंबलेला, ओला, बंद घराचा वास. केशरबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिला वाटलं होतं काही तरी बाहेर येईल. काहीच आलं नाही. नुसतं एक काळं, गोल तोंड.

भिंतीपल्याड नत्थुजी उभा राहिला.

"उघडलं का गा देवमन?"

"उघडलं, नत्थुजी."

"मंग आता उतरजो नको. पहिलं कोंबडी दाखव."

"कोंबडी?"

"आमची रीत हाये. टोपल्यात कोंबडी बसवाची, दोरानं खाली सोडाची, घडीभर ठेवाची. पेवानं कोंबडी घेतली तं त्या दिवशी उतराचं नाही. दुसऱ्या रोजी दुसरी दाखवाची. जित्ती परत देल्ली तं समजाचं, पेवानं परवानगी देल्ली."

देवमननं पहार खाली ठेवली. "नत्थुजी, तुमी मोठे हा, तुमच्या शब्दाले मान हाये. पन बळी देनं आमी सोडलं."

"मटन खातं न रे?" नत्थुजी चिडला.

"खानं येगळं, पेवाले देनं येगळं."

"बळी कोन म्हनते लेका? दाखवाची फक्त!"

"आन् मेली तं?"

"मेली तं पेवाची."

"झालं मंग," देवमन म्हणाला. "त्यालेच बळी म्हनतात."

नत्थुजी पुटपुटत आत गेला. म्हातारा तरी काय सांगणार? त्याच्या बापानं जसं सांगितलं तसं त्यानं सांगितलं. कोंबडी का दाखवायची, हे बापानंही कधी विचारलं नव्हतं.

केशरबाईची तांबडी कोंबडी तिथंच अंगणात दाणे टिपत होती. हात लांबवला असता तर हातात आली असती. टोपलं होतं, दोर होता. तिच्या मनात आलंही, यांना वावरात जाऊ द्यावं आणि गुपचूप दाखवून घ्यावी. पण कानांत कालचाच प्रश्न घुमत होता, नागपूरले कावून गेलो होतो व? एका तुकड्यासाठी नवऱ्याचा आवाज फाटला होता. कोंबडीसाठी काय झालं असतं? तिनं हात लांबवला नाही.

देवमन काही अगदीच अडाणी नव्हता. बंद जागा उघडी ठेवावी लागते, एवढं त्याला कळत होतं. दिवसभर पेव उघडं ठेवलं, रात्रभर ठेवलं. वारा जाईल आत, झालं. पण वरचा वारा तोंडावरूनच निघून जातो, पोटात उतरत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते त्याला पेवाची परवानगी म्हणत होते.

सकाळची न्याहारी झाली. देवमननं धोतर खोचलं, बंडीच्या चाकाला दोर बांधला, दोराला धरून पाय आत सोडले.

"नका जाऊ," केशरबाई म्हणाली. एवढंच. दुर्गाबाईचं बोलणं जिभेवर आलं होतं, ते तिथंच राहिलं.

"अवं, जमिनीत खनलेला खड्डा हाये हा. वाघाचं तोंड नाही." त्यानं तिच्याकडं पाहून डोळे मिचकावले आणि खांदे आवळून खाली गेला.

दोर ताणला, सैल झाला. खालून आवाज आला, घुमल्यासारखा.

"पाय टेकले."

"काय हाये, दादा?" मोतीराम तोंडाशी पालथा पडून विचारत होता.

"काहीच नाही. अंधार. खाली जुनी जवारी हाये काई पडलेली." मग हसण्याचा आवाज. "केशर, तुहं भूत घरी नाही. बाहेरगावी गेलं."

मोतीराम हसला. केशरबाईनं एक पाऊल पुढं टाकलं.

"दादा, वर ये मंग."

"येतो..." देवमन म्हणाला. मग काही तरी बोलला, पण शब्द ओले झाल्यासारखे, एकात एक मिसळलेले. दारू प्यालेला माणूस बोलतो तसे. मग धप्पकन आवाज झाला.

"दादा?"

काही नाही.

"दादा! ओ दादा!"

पेव गप्प.

केशरबाईनं तोंड उघडलं आणि त्यातून जी बोंब निघाली ती तिला स्वतःलाच ओळखू आली नाही. आणि बोंबेच्या पाठोपाठ ओठांवर पुढचं वाक्य आलं, आपसूक, तयार, जसं काही कोणी ठेवूनच गेलं होतं. मोतीराम, उतर. पाहून काय राहिला, उतर!

ते तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. मोतीरामनं सदरा फेकला होता, दोर धरला होता, दोन्ही पाय पेवात सोडले होते.

केशरबाईनं धाव घेतली आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड वयनी!"

"नाही."

"सोड! दादा मरून राहिला खाली!"

"नाही उतराचं. तू नाही उतराचं!"

मोतीराम तरणाबांड गडी. त्यानं कोपर मागं मारलं, तिच्या तोंडावर बसलं, तोंडात रक्त आलं. तिनं मिठी सोडली नाही. दोन्ही पाय अंगणात रोवून मागं ओढलं, तो पुढं ओढत होता. कोंबडी फडफडत भिंतीवर गेली.

"माह्या भावाले मारून राहिली तू!" मोतीराम रडत ओरडला. "वैरीन होय तू, वैरीन!"

"हाव. वैरीन होय मी," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला कडकडून चावली. दोराचा हात सुटला. दोघं मागं कोसळली. ती त्याच्या छातीवर बसली, सगळा भार टाकून, आणि गावाच्या दिशेनं बोंबलत राहिली.

त्या वेळी तिच्या मनात काय होतं, विचाराल तर सांगतो. खाली नवरा होता. त्याचा एकेक श्वास कमी होत होता आणि ती त्याला वाचवायला निघालेल्या माणसाच्या उरावर बसली होती. दुर्गाबाईचं खरं निघालं नाही तर? तो नुसता पडून मुका मार लागून निपचित असेल, हात दिला की वर येईल असा असेल तर? मग केशरबाईनं नवरा मारला, स्वतःच्या हातानं मारला. हे तिला लख्ख दिसत होतं. आणि तरी ती उठली नाही. एवढं भेव तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, पुढंही वाटणार नव्हतं.

पहिला नत्थुजी आला, भिंत ओलांडून, या वयात. त्याच्या खांद्यावर आडात पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ होता, म्हातारा घेऊनच निघाला होता. मागं माणसं. माणसं फाटकापर्यंत आली आणि थबकली. बौद्धाचं अंगण, त्यात ते पेव. कोणाचा पाय कशासाठी अडला ते ज्याचं त्याला ठाऊक. मग भगवंतराव नावाचा एक धिप्पाड शेतकरी "अरे, मानूस मरून राहिला अन् पाहता काय!" असं खेकसत आत शिरला, आणि मग सगळेच शिरले.

"कंदील द्या," नत्थुजी म्हणाला. "गळ कुठी टाकू, दिसत नाही."

पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडला. माणसाच्या छातीइतका खाली गेला असेल नसेल, ज्योत आखडली, निळी झाली आणि विझली. फुंकर मारल्यासारखी. वर काढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच विझला.

मोतीराम केशरबाईच्या खाली पडल्या पडल्या ते पाहत होता. त्याचं अंग एकदम ढिलं पडलं.

गळ अंधारातच टाकला. पहिल्यांदा धोतराला लागला, धोतर फाटून वर आलं. मनकर्णानं पदर तोंडात कोंबला. दुसऱ्यांदा नुसता दाणा खरवडून आला. तिसऱ्यांदा दोर जड झाला. "लागला!" भगवंतरावानं दोर धरला, त्याच्यामागं आणखी माणसं, मोतीरामही. गळ करदोट्याला आणि थोडा कमरेच्या मांसाला लागला होता. पेवाच्या तोंडाशी खांदे अडकले, तेव्हा नत्थुजीनं आणि भगवंतरावानं काखेत हात घालून ओढला. कोणी कोणाला शिवत होतं, ते त्या घडीला कोणी मोजलं नाही.

देवमनचं तोंड काळंनिळं झालं होतं, जीभ दातांत. कोणी तरी म्हणालं, "गेला." केशरबाईनं ऐकलं. नत्थुजीनं त्याला पालथा घातला, पाठीवर दोन्ही तळहात दाबायला लागला. दाब, सोड. दाब, सोड. बराच वेळ. माणसं एकेक करून नजर दुसरीकडं वळवायला लागली.

मग देवमनच्या तोंडातून घाण पाणी आलं, आणि त्यानं असा श्वास ओढला की जवळ बसलेली माणसं दचकून मागं सरली.

"कोंबडी दाखव म्हनलं होतं," नत्थुजी घाम पुसत म्हणाला. रागावला होता आणि रडतही होता. "वाफ असते रे आतमंदी. वाफ म्हना का भूत म्हना, आमाले एकच. तुले सरळ वाफ म्हनलो असतो तं आयकलं असतं तू."

देवमन पुढचे कितीक दिवस बाजेवर होता. डोकं फुटेस्तोवर दुखायचं, शब्द सापडायचे नाहीत. पेव भगवंतरावाच्या माणसांनी दगडमाती टाकून बुजवलं. मनकर्णा भिंतीवरून नव्हे, दारातून आली, आणि ओसरीत बसून गेली. मोतीराम वावरात राबायचा, पण वहिनीशी बोलायचा नाही. तिच्या सुजलेल्या ओठाकडं पाहायचा आणि मान खाली घालायचा.

एके दुपारी देवमननं डोळे उघडले. नजर स्वच्छ होती. केशरबाई उशाशी बसून चवळी निवडत होती.

"गळानं काढलं म्हनतात मले."

"हाव."

"आन् उतरलं कोन माह्यासाठी?"

केशरबाईचे हात थांबले. सुपातली चवळी तिला दिसेनाशी झाली. थाप मारता आली असती. नत्थुजी उतरत होता, लोकांनी अडवला, असं काही तरी. कोणी खोडून काढलं नसतं.

"कोनीच नाही," ती म्हणाली. "मोतीराम उतरून राहिला होता. म्या उतरू देल्लं नाही."

देवमन आढ्याकडं पाहत राहिला. दारात मोतीराम उभा होता, खांद्यावर विळा. कधी आला होता कोणास ठाऊक. "दादा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कंदील इझला तठी. दोनदा इझला. मी डोयानं पाह्यलं. वयनी नसती तं..." त्याच्यानं पुढं बोलवेना. देवमननं हात वर करून त्याला थांबवलं.

केशरबाईनं सूप बाजूला ठेवलं. नवरा काय बोलेल याचं तिला भेव वाटत होतं, पेवाच्या तोंडाशी वाटलं होतं त्याच्या खालोखाल.

"तुह्या जागी मी असतो," देवमन शेवटी म्हणाला, "आन् खाली तू असती, तं मी उतरलो असतो, केशर."

"मालूम हाये मले," केशरबाई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. "त्याचंच तं भेव वाटते."